दिवस भरण्याआधी पाणी गेले तर : घरातील पहिल्या तासापासून बाळाच्या पेटीपर्यंत काय करावे आणि काय विचारावे

गर्भाशयात बाळाभोवती असलेली पाण्याची पिशवी ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी आणि कळा सुरू होण्यापूर्वी फुटणे, ही गोष्ट शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण दोन-तिघींच्या बाबतीत घडते. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळंतपणांची सुरुवात यातूनच होते. पाणी गेल्यानंतर डॉक्टरांपुढे दोन धोके एकाच वेळी उभे राहतात. बाळ आत राहिले तर जंतू वर चढून आईला आणि बाळाला संसर्ग होऊ शकतो, आणि बाळ लगेच बाहेर आणले तर त्याची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी अजून पुरती तयार झालेली नसतात. यांपैकी आज कोणता धोका मोठा आहे, हे आठवड्यांवर, आईच्या तापावर, रक्ताच्या तपासणीवर आणि बाळाच्या ठोक्यांवर ठरते, आणि आज ठरलेले उद्या बदलू शकते. त्यामुळे दाखल होताना एकदा सही केली आणि पुढचे सारे डॉक्टरांवर सोपवले, अशा रीतीने हे दुखणे निभावत नाही. रोज विचारावे लागते, रोज सांगावे लागते आणि जे कळले ते लिहून ठेवावे लागते.

हा लेख सांगली जिल्ह्यातील कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण विश्रामबागेत राहणाऱ्या बाईची अडचण आणि जत किंवा आटपाडीच्या वाडीवस्तीवरील बाईची अडचण एक नसते. औषधांची नावे दिली आहेत ती डॉक्टरांचे बोलणे समजावे यासाठी. स्वतःच्या मनाने घेण्यासाठी नव्हेत.

लघवी आहे की पाणी, हे घरी ठरवत बसू नये

कधी अंथरूण भिजेल इतके पाणी एकदम जाते, तर कधी उठता-बसताना, खोकताना थोडे थोडे झिरपत राहते. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो, कारण शेवटच्या महिन्यांत लघवीवर ताबा कमी होतो आणि अंगावरून पांढरे जाण्याचे प्रमाणही वाढते. त्यामुळे घरातील मोठी माणसे ‘असे होतेच’ म्हणून एखादा दिवस सहज घालवतात. गर्भजल बहुधा पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असते, त्याला लघवीचा उग्र वास नसतो आणि आवळून धरू म्हटले तरी ते थांबत नाही. एवढ्या खुणांवरून शंका घेता येते, निदान करता येत नाही. शंका आली की त्याच दिवशी, त्याच रात्री तपासून घ्यावे. तपासणीअंती ती लघवी निघाली, तरी एका फेरीपलीकडे काही गेलेले नसते.

पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसणे, त्यात ताजे रक्त असणे, त्याला घाण वास येणे, अंगात ताप असणे, पोट सतत दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एक जरी लक्षण असेल तरी क्षणभरही थांबू नये.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

घड्याळ पाहून पाणी गेल्याची वेळ लिहावी. पुढे संसर्गाच्या धोक्याचा सगळा हिशेब याच वेळेपासून मांडला जातो, आणि ‘पहाटे कधीतरी’ या उत्तराने तो हिशेब मांडता येत नाही. स्वच्छ, कोरडा, पांढरा पॅड लावावा; रंगीत कपड्याची घडी लावू नये, कारण पाण्याचा रंग त्यावर कळत नाही. भिजलेला पॅड फेकून न देता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर न्यावा. डॉक्टरांना रंग, वास आणि प्रमाण तोंडी सांगण्यापेक्षा तो पॅड दाखवणे केव्हाही चांगले. अंगाच्या आत बोट, कापूस किंवा औषध काहीही घालू नये, आतून धुऊ नये आणि शरीरसंबंध ठेवू नये.

बाळ आडवे किंवा पायाळू असल्याचे आधीच्या सोनोग्राफीत लिहिले असेल, तर एक गोष्ट घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवी. पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. जननमार्गात दोरीसारखे काही लागले किंवा दिसले, तर ते आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. बाईने गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवे होऊन कंबर वर आणि छाती खाली ठेवावी, आणि त्याच अवस्थेत १०८ ला फोन करावा. नाळ दबली की बाळाचा रक्तपुरवठा काही मिनिटांत अडतो. इतर वेळी डाव्या कुशीवर झोपून प्रवास करावा. मोटारसायकलवर मागे बसवून नेणे मात्र पूर्ण टाळावे, मग तालुक्याचे गाव कितीही जवळ असो.

बरोबर माता व बाल संरक्षण कार्ड, सर्व सोनोग्राफींचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार व रेशन कार्ड आणि चालू औषधांची पाकिटे घ्यावीत. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीचे कागद पुष्कळदा सासरी राहिलेले असतात. हंगामात पलूस, कडेगाव, वाळव्याच्या शिवारात कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे तर बहुतेक सारे कागद बीडकडे गावी असतात. अशा वेळी गावच्या आशाताईंना फोन करून कार्डाचे आणि पहिल्या सोनोग्राफीचे फोटो मोबाइलवर मागवून घ्यावेत. मुकादमाने गाडी द्यायला वेळ लावला म्हणून अडून राहू नये. १०८ ची रुग्णवाहिका फडावरही बोलावता येते.

कोणत्या रुग्णालयात जावे

३४ आठवडे पूर्ण झालेले नसतील, तर प्रश्न एका रुग्णाचा नसून दोन रुग्णांचा असतो. बाईला कुठे ठेवता येईल यापेक्षा बाळ आज जन्मले तर त्याला सांभाळण्याची सोय कुठे आहे, हे आधी पाहावे. नवजात शिशू अतिदक्षता कक्ष, श्वासाला आधार देणारी सीपॅप यंत्रणा, गरजेला व्हेंटिलेटर आणि चोवीस तास बालरोगतज्ज्ञ, एवढे जिथे असेल तिथे पोहोचणे हे उद्दिष्ट धरावे. जिल्ह्यात सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. सांगली-मिरजेत खासगी आणि धर्मादाय रुग्णालयेही आहेत. निघण्यापूर्वी किंवा वाटेतून फोन करून एकच थेट प्रश्न विचारावा : “तीस आठवड्यांची बाई आहे, पाणी गेले आहे, बाळासाठी पेटी रिकामी आहे का?”

तरीही जतसारख्या टोकाच्या तालुक्यातून निघताना जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला वगळून थेट मिरज गाठण्याचा अट्टहास करू नये. तिथे नाडी, ताप, रक्तदाब आणि बाळाचे ठोके पाहून बाई प्रवासाला योग्य आहे की बाळंतपण अगदी जवळ आले आहे, हे ठरवता येते. आणि बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या इंजेक्शनचा पहिला डोस तिथेच देता येतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेळेआधीच्या बाळंतपणाची शक्यता असेल तर हा पहिला डोस आरोग्यसेविकाही देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकते. ऊसगाड्यांच्या रांगेमागे अडकून प्रवास लांबला, तरी तो वेळ मग वाया जात नाही.

कृष्णा आणि वारणेच्या काठच्या गावांनी पावसाळ्यात वेगळा विचार करावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कित्येक गावांचा संपर्क तुटला होता. जिचे आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांचे झाले आहे, तिला सातवा लागल्यावर जुलै-ऑगस्टपुरते शहरातील नातेवाइकांकडे हलवणे ही माझ्या मते चैन नव्हे.

दाखल होताना काय सांगावे

‘सातवा चालू आहे’ या उत्तरात २५ वा आठवडाही येतो आणि ३० वाही, आणि या दोन बाळांच्या भवितव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने दिलेली तारीख या दोन्ही सांगाव्यात. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर डॉक्टर सहसा पहिल्या सोनोग्राफीवर विसंबतात. नंतरच्या सोनोग्राफीतील तारीख बाळाच्या वाढीनुसार पुढेमागे होते. त्यापाठोपाठ पाणी गेल्याची वेळ, रंग, वास, कळा आहेत की नाहीत, बाळ शेवटचे कधी हलले, ताप, लघवीची जळजळ, रक्तगट, मधुमेह किंवा रक्तदाब, आधीची बाळंतपणे व सिझर, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असल्यास तो, आणि कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते, हे सांगावे. पेनिसिलीनची रिअॅक्शन सांगायची राहून गेली, तर नेमक्या याच आजारात ते महागात पडू शकते.

काही माहिती बाई सासूसासऱ्यांसमोर सांगू शकत नाही. आधीचा गर्भपात, मारहाण, पोटाला लागलेला मार, नुकताच झालेला शरीरसंबंध, या गोष्टींचा उपचाराशी थेट संबंध असतो. “सिस्टर, मला तुमच्याशी एकटीने बोलायचंय,” एवढे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि बरोबरच्या बाईमाणसांनी त्या वेळी आपण होऊन बाहेर जाण्यात शहाणपण आहे.

पहिली तपासणी

पाणी गेल्याची खात्री करण्यासाठी निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे आतला भाग पाहण्याचे साधन, घालून डॉक्टर पाणी साचले आहे का ते पाहतात. अनेकदा खोकायला सांगतात. त्यानंतरही शंका राहिली, तर रंग बदलणारा कागद किंवा गर्भजलातील प्रथिने ओळखणारी पट्टी वापरता येते. सोनोग्राफीत पाणी किती उरले आहे आणि बाळ डोक्याकडून आहे की आडवे, हे कळते. मात्र सोनोग्राफीत पाणी पुरेसे दिसले म्हणजे पिशवी शाबूत आहे, असा अर्थ होत नाही.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यावा. कळा नसताना हाताने वारंवार आतून तपासणी केली, तर जंतू वर जाण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपणही लवकर होण्याचा संभव असतो. म्हणून कळा येत नसतील तर ती टाळण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. ड्यूटी बदलल्यावर नवीन डॉक्टर तपासायला आले, तर नम्रपणे सांगावे : “मॅडम, पाणी गेलेले आहे आणि सकाळी एकदा तपासणी झाली आहे. आता हाताने तपासणे गरजेचे आहे का?” गरजेचे असेल तर त्या कारण सांगतील. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि चांगले डॉक्टर तो तसा घेतही नाहीत.

औषधे आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज

पहिले औषध म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत यासाठीचे स्टिरॉइड. आपल्याकडील सरकारी पद्धतीत २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी असे चार वेळा स्नायूत देतात. काही ठिकाणी त्याऐवजी बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने देतात. स्टिरॉइड म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. परंतु दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने घेतलेले स्टिरॉइड वेगळे आणि बाळासाठीचा हा एकच ठरावीक कोर्स वेगळा. त्यामुळे बाळाला जन्मानंतर श्वासाचा त्रास, मेंदूतील रक्तस्राव आणि मृत्यू यांचा धोका कमी होतो. बाईला मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती वारंवार तपासावी लागते. शिवाय या इंजेक्शनांनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमधील वाढलेला आकडा पाहून लगेच घाबरून जाऊ नये. त्याचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

दुसरे औषध प्रतिजैविक. अनेक ठिकाणी एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दहा दिवस देतात, तर काही ठिकाणी आधी शिरेतून अँपिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन व नंतर गोळ्या असा सात दिवसांचा कोर्स असतो. त्याने संसर्ग लांबणीवर पडतो आणि बाळाला आत आणखी काही दिवस मिळण्याची शक्यता वाढते. अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अॅसिड एकत्र असलेली गोळी मात्र या कारणासाठी टाळतात, कारण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ओरॅकल या मोठ्या चाचणीत तिच्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्यांचा गंभीर आजार वाढलेला दिसला. सर्दीखोकल्यासाठी घरोघरी असणारी हीच गोळी मेडिकलमधून आणून ‘रुग्णालयात पोहोचेपर्यंत असू दे’ म्हणून देऊ नये, याचे कारण हे आहे.

३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण अगदी जवळ आले असेल, तर बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते देताना अंगात एकदम ऊब पसरते, घाम येतो, मळमळते. त्याची कल्पना बाईला आधी दिली तर ती भीत नाही. कळा थांबवण्याचे औषध मात्र सर्रास दिले जात नाही. स्टिरॉइडचा परिणाम होईपर्यंत किंवा मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत थोडा वेळ मिळवण्यापुरता त्याचा विचार होतो, कारण कळा ही कधी कधी आतील संसर्गाचीच खूण असते.

आणि सलाईन. ‘चार बाटल्या लावा म्हणजे पाणी भरून येईल’ हा आग्रह जवळजवळ प्रत्येक वॉर्डात ऐकू येतो. शिरेतून दिलेले सलाईन फुटलेली पिशवी सांधत नाही. गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून रोज नव्याने तयार होत असते, म्हणून पाणी गेले तरी बाळ आत ‘सुकून’ जात नाही. थोडे पाणी बनत राहते आणि थोडे झिरपत राहते. बाईने तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि नेहमीचा आहार घ्यावा, एवढे पुरे.

थांबायचे की बाळंतपण करायचे

३७ आठवडे पूर्ण झाले असतील तर फारसा पेच नसतो. कळा आपोआप आल्या नाहीत तर साधारण चोवीस तासांत औषधाने आणतात. ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान पूर्वी बहुतेक ठिकाणी लगेच बाळंतपण करीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत संसर्गाची चिन्हे नसताना थांबल्याने बाळांमधील जंतुसंसर्ग वाढला नाही, उलट लगेच जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक झाला आणि त्यांच्या आयांना सिझरही अधिक लागले. थांबलेल्या आयांमध्ये मात्र रक्तस्राव आणि ताप थोडा जास्त दिसला. त्यामुळे या टप्प्यात दोन चांगले डॉक्टर दोन वेगळे सल्ले देऊ शकतात, आणि ते दोन्ही बरोबर असू शकतात. घरातून मिरजेला एक, पुण्याला दुसरा असे फोन लावून डॉक्टरांची परीक्षा घेण्यापेक्षा, समोरच्या डॉक्टरांना ‘तुम्ही हा मार्ग का निवडला’ हे विचारावे.

२४ ते ३४ आठवड्यांत संसर्ग, मोठा रक्तस्राव किंवा बाळाच्या ठोक्यांत बिघाड नसेल तर सहसा थांबतात. एकदा पाणी गेले की निम्म्याहून अधिक स्त्रियांचे बाळंतपण आठवड्याच्या आत होते, म्हणून थांबणे म्हणजे दिवस भरेपर्यंत थांबणे, अशी आशा मनात धरून बसू नये. मिळालेला प्रत्येक दिवस बाळाच्या कामी येतो, इतकेच खरे. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत अजूनही ओसरीवर बोलली जाते आणि तिच्यापायी ‘आत्ताच काढा’ असा आग्रह धरला जातो. तिला कसलाच आधार नाही. ३२ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३५ आठवड्यांच्या बाळाला धोका कमीच असतो.

२४ आठवड्यांच्या आतील प्रसंग सर्वांत अवघड. बाळाची फुप्फुसे वाढण्यासाठीच भोवती पाणी लागते, म्हणून फार लवकर आणि फार पाणी गेले तर बाळ पुढे कितीही दिवस आत राहिले तरी फुप्फुसे लहान राहण्याची भीती असते, आणि दरम्यान आईच्या जिवाला संसर्गाचा धोका असतो. इथे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : या रुग्णालयात कितव्या आठवड्यापासून बाळाला वाचवण्याचे प्रयत्न होतात, थांबलो तर आईला धोका किती, आणि थांबायचे नाही असे ठरवले तर काय करता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरेशी आहे. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. हा निर्णय घेण्यासाठी तिला घरच्यांच्या गराड्याबाहेर थोडा वेळ मिळवून देणे, हे बरोबरच्या माणसाचे त्या दिवसाचे सर्वांत मोठे काम असते.

गरोदरपण कितव्याही आठवड्यात असो, आत संसर्ग झाला तर थांबणे संपते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, नाडी मिनिटाला शंभराच्या वर, पोट दाबल्यावर दुखणे, पाण्याला घाण वास आणि बाळाचे ठोके सतत १६० च्या वर राहणे, ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी ‘अजून दोन दिवस बघू’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. आणि बाळंतपण करायचे ठरले म्हणजे सिझरच, असेही नाही. बाळ डोक्याकडून असेल आणि ठोके चांगले असतील तर अनेकदा नैसर्गिक प्रसूती होते.

वॉर्डातील दिवस आणि वही

दोनशे पानी साधी वही आणि पेन उशाशी ठेवावे. त्यातील नोंद अशी असावी : “रात्री २.४० : अंथरूण भिजले, पाणी पांढरट, वास नाही. ३.०० : बाळ हलले. ४.१५ : ग्रामीण रुग्णालय. ४.४० : डेक्साचे पहिले इंजेक्शन. ताप ९८.४.” पुढे रोज ताप, नाडी, पॅडचा रंग, बाळाच्या हालचाली, रक्ताचे रिपोर्ट आणि राउंडला डॉक्टर काय म्हणाले, हे लिहावे. केसपेपरवर हे सगळे असतेच. पण केसपेपर रुग्णाच्या हातात नसतो, आणि रात्री अकरा वाजता घाबरलेल्या नवऱ्याला तो वाचताही येत नाही.

राउंडची वेळ सिस्टरना विचारून ठेवावी आणि डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच असावा. दहा नातेवाइकांनी दहा वेळा तोच प्रश्न विचारला की दहाव्याला तुटक उत्तर मिळते आणि मग भांडण होते. राउंडला दोनच प्रश्न पुरतात : “आजचे रिपोर्ट कालच्यापेक्षा कसे आहेत?” आणि “थांबायचे ठरले आहे ते कशामुळे बदलेल?” दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच रात्री कोणत्या लक्षणाला सिस्टरना उठवायचे, हे कळते. रात्री पॅड हिरवट दिसला, थंडी वाजून आली किंवा बाळ हलेनासे झाले, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. “सिस्टर, पॅड हिरवा दिसतोय, एकदा बघता का?” एवढे वाक्य पुरते. उत्तर टाळले गेले तर ड्यूटीवरील डॉक्टरांना बोलावण्याची विनंती करावी आणि विनंती केल्याची वेळ वहीत लिहावी.

बाईने चोवीस तास पलंगाला खिळून राहण्याची गरज नसते. उलट हालचाल पूर्ण बंद केली तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. शौचालयापर्यंत चालणे, बसून जेवणे, हे डॉक्टरांनी मना केले नसेल तर चालते. पॅड वेळच्या वेळी बदलावा. भेटायला येणाऱ्यांनी ‘आमच्या जावेचं असंच झालं होतं’ ही कथा घरीच ठेवून यावी.

संमतिपत्र मराठीत मागावे आणि वाचून सही करावी. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्याची गाडी मोफत असते. औषध बाहेरून आणायला सांगितले तर आधी याची विचारणा करावी. खासगी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला, विचारावे, बाळ पेटीत गेल्यानंतर नव्हे. उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

पुढे पाठवले तर

‘डॉक्टरांनी हात वर केले’ अशी भावना रेफर करताना हमखास होते. वास्तविक अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलवण्यासाठी आईच्या पोटाइतकी चांगली जागा दुसरी नाही. जन्मल्यानंतर त्याला रुग्णवाहिकेतून नेण्यात कितीतरी अधिक धोका असतो. त्यामुळे वेळेत रेफर करणारा डॉक्टर आपले काम नीट करीत असतो. वाद घालण्यात वेळ न दवडता चिठ्ठी वाचून पाहावी. तिच्यावर आठवडे, पाणी गेल्याची वेळ, पाण्याचा रंग, स्टिरॉइड आणि प्रतिजैविकाचे डोस व त्यांच्या वेळा, ताप, रक्तदाब आणि बाळाचे ठोके असावेत. पुढच्या रुग्णालयात जागा असल्याची खात्री फोनवर झाली आहे का, आणि फोन कोणी घेतला, हेही विचारावे.

बाळ पेटीत असताना

प्रसूतीपूर्वीच शक्य असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटण्याची विनंती करावी. जन्मानंतर बाळ रडेल का, त्याला नळी लागेल का, किती दिवस राहावे लागेल, हे त्या वेळी शांतपणे विचारता येते. जन्मानंतर मात्र आईचे पहिले काम दूध काढणे हे असते. बाळ ओढू शकत नसले तरी पहिला चीक त्याला नळीने किंवा वाटी-चमच्याने देता येतो. म्हणून शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, काढत राहावे. ‘दूध अजून उतरलेच नाही’ म्हणून घरच्यांनी मध, गुटी किंवा वरचे दूध देऊ नये. अपुऱ्या आतड्यांना ते सोसत नाही. बाळ स्थिर झाले की कांगारू पद्धतीने, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी उभे धरून, ऊब द्यायला कधी सुरुवात करता येईल, हे रोज विचारावे. बाबांनाही ते करता येते, आणि पुष्कळ वॉर्डांत त्यांना कोणी सांगतच नाही.

आईला घरी सोडल्यावर ताप, थंडी, अंगावरून घाण वासाचे जाणे, ओटीपोटात वाढते दुखणे किंवा फार रक्त जाणे, यांपैकी काही झाले तर सव्वा महिन्याचा विटाळ मध्ये न आणता तातडीने रुग्णालयात यावे.

बाळाला सोडताना डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कोणत्या तारखेला आणि कुठे, हे कार्डावर लिहून घ्यावे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच; ती चुकली तर वाचवता येण्याजोगी नजर जाऊ शकते. त्याच कागदावर कानांच्या तपासणीची तारीख घ्यावी. पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच भेटीत या खेपेचे डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांसमोर ठेवावे, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीने केव्हा मोजायची आणि लवकर बाळंतपण टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक द्यायचे का, याचा विचार वेळेत होतो.